चाकाखालची जमीन

कुठल्याही ऑनलाइन दुकानात ‘युटिलिटी ट्रॉली’ असं टाइप करा. शेकडो पर्याय समोर येतात. दोन कप्प्यांच्या, तीन कप्प्यांच्या, लोखंडी, प्लास्टिकच्या, काळ्या, लाल. बाजूला फिल्टरची यादी असते: किंमत, रंग, कप्प्यांची संख्या, किती किलो वजन पेलणार. कार डिटेलिंगचं सामान ठेवायला ट्रॉली हवी असलेला माणूसही याच फिल्टरमधून जातो. शाम्पू, पॉलिश, ब्रश, मायक्रोफायबरची फडकी, पॉलिशिंगचं मशीन हे सगळं मावेल ना, एवढं बघतो आणि ‘बाय नाउ’ दाबतो.

त्या यादीत दोन फिल्टर नसतात. ही ट्रॉली कुठल्या जमिनीवर चालणार? आणि ती ढकलणार कोण?

प्रश्न किरकोळ वाटतात. पण चाकाचा बराचसा इतिहास या दोन प्रश्नांनीच घडवलाय. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात एखादा प्रोग्रॅम एकटा कधीच चालत नाही. तो ज्यांच्या जिवावर चालतो त्या गोष्टींना आम्ही ‘डिपेंडन्सी’ म्हणतो. डिपेंडन्सी जागेवर नसेल, तर कितीही सुंदर लिहिलेला कोड नुसता पडून राहतो. चाकाच्या दोन डिपेंडन्सी आहेत: खाली बऱ्यापैकी सपाट जमीन, आणि ओझं वाहणाऱ्याच्या अंगाची कुणाला तरी पडलेली किंमत. या दोन्हींपैकी एक जरी नसेल, तर चाक माहीत असूनही माणसं डोक्यावरून ओझी वाहत राहतात. याचे पुरावे जगभर सापडतात, आणि आपल्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्येही.

चाक होतं, गाडी नव्हती

मेक्सिकोत उत्खननांमध्ये मातीची छोटी छोटी जनावरं सापडली आहेत. पायांच्या जागी आस आणि आसाला चाकं. दोरी बांधून ओढावीत अशी. स्पॅनिश लोक तिथं पोचण्याच्या शेकडो वर्षं आधीची ही चित्रं. म्हणजे चाक म्हणजे काय, आस म्हणजे काय, हे तिथल्या कारागिरांना नीट ठाऊक होतं. तरीही त्या संस्कृतींनी मालवाहू गाडी बनवली नाही.

कारणं सरळ होती. जुंपायला बैल नव्हते, घोडे नव्हते. मुलूख डोंगराचा, जंगलाचा. आणि माल वाहायला माणसं होती. अ‍ॅझ्टेक राज्यात ‘त्लामेमे’ नावाचा हमालांचा वर्गच होता. कपाळावरून पट्टा घ्यायचा, त्याच्या आधारानं पाठीवर ओझं तोलायचं आणि चालत राहायचं. चाक खेळण्यात राहिलं, ओझं कपाळावर.

मध्यपूर्वेत तर याहून अजब घडलं. तिथं चाकाच्या गाड्या होत्या, रथ होते, रोमन रस्ते होते. पुढे काही शतकांत गाड्या जवळजवळ नाहीशा झाल्या आणि त्यांची जागा उंटानं घेतली. इतिहासकार रिचर्ड बुलिएट यांनी १९७५ साली ‘द कॅमल अँड द व्हील’ हे पुस्तक या एकाच कोड्यावर लिहिलं. त्यांच्या मांडणीचा गाभा हिशेबाचा आहे: चांगलं खोगीर आल्यावर उंटानं माल नेणं गाडीपेक्षा स्वस्त पडू लागलं. उंटाला रस्ता लागत नाही. चाकाला लागतो, आणि रस्त्याला सतत डागडुजी लागते. ‘प्रगती म्हणजे चाक’ हे समीकरण आपण शाळेतल्या चित्रांवरून शिकलो. इतिहासात मात्र चाक मागेही पडलेलं आहे.

आपल्याकडचा एक सुंदर पुरावा अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबादला मिळाला. १९७४ साली तिथं ब्राँझच्या चार ओतीव वस्तू सापडल्या: बैलांची जोडी जुंपलेला रथ, एक रेडा, एक गेंडा आणि एक हत्ती. रथाला चाकं असणारच. पण रेडा आणि गेंडाही चाकांवर उभे आहेत! मिरवणुकीत ते ओढत नेत असावेत असा एक तर्क आहे. तर्क खरा असो वा नसो, जड आणि मानाची वस्तू चाकांवर ठेवायची कल्पना या मातीत हजारो वर्षं जुनी आहे एवढं नक्की. आता हे आठवा: त्याच महाराष्ट्रात आज बांधकामाच्या साइटवर वाळू-सिमेंटचं घमेलं बाईच्या डोक्यावरून जातं. चाकाची कल्पना कधीच कमी पडलेली नव्हती.

वजन कुणाच्या अंगावर?

दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे ढकलणाऱ्याकडे, बघायला एकचाकी गाडी बरी पडते. ती चीनमध्ये हान राजवटीच्या काळात, साधारण दोन हजार वर्षांपूर्वी, वापरात आली. युरोपात ती बाराव्या-तेराव्या शतकात दिसू लागते. दोन्हीकडे एकच चाक, दोनच दांडे. फरक चाकाच्या जागेत.

पारंपरिक चिनी गाडीचं मोठं चाक मधोमध असे आणि माल त्याच्या दोन्ही बाजूंना लादलेला. जवळजवळ सगळं वजन चाकावर. माणसाचं काम तोल सांभाळणं आणि पुढे रेटणं. युरोपातल्या गाडीचं चाक पुढच्या टोकाला, माल चाक आणि हात यांच्यामध्ये. त्यामुळे वजनाचा मोठा वाटा उचलणाऱ्याच्या मनगटावर आणि कमरेवर. युरोपातली गाडी भरायला-उपसायला सोपी, बांधकामावर जवळच्या फेऱ्यांना सोयीची. चिनी गाडी अरुंद पायवाटेवरून लांबचा पल्ला गाठणारी.

यात कोण हुशार, कोण मागास असं काही नाही. काम वेगळं, वाट वेगळी, म्हणून गाडी वेगळी. पण एक धडा पक्का मिळतो: चाक कुठे बसवलंय त्यावरून वजन कुणाच्या अंगावर येणार ते ठरतं. ट्रॉलीचा फोटो बघताना आपण कप्पे मोजतो. ढकलायचा दांडा कमरेच्या उंचीला येतो की गुडघ्याच्या, याकडे बघत नाही. खाली वाकून तास-दोन तास ट्रॉली सरकवणाऱ्याच्या पाठीला तो फरक कळतो.

दिवाणखान्यातून आलेलं चाक

आजच्या ट्रॉलीखाली जे चाक असतं ते बैलगाडीच्या चाकाचं छोटं रूप आहे असं आपल्याला वाटतं. तसं नाही. त्याचं घराणं वेगळं. हार्डवेअरच्या दुकानात त्याला ‘कॅस्टर’ म्हणतात, आणि तो आला फर्निचरमधून.

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये श्रीमंत घरांत टेबल-खुर्च्या वापर नसताना भिंतीला लावून ठेवायची आणि लागतील तेव्हा खोलीच्या मध्ये आणायची रीत होती. जड सामान रोज हलवायचं, तर पायांना चाकं हवीत. आधी चामड्याच्या चकत्यांची, मग पितळेची छोटी चाकं आली. पुढे अमेरिकेत या चाकांवर पेटंटं निघत राहिली. १८७६ साली डेव्हिड फिशर या कृष्णवर्णीय कारागिराला फर्निचरच्या कॅस्टरमधल्या सुधारणेचं पेटंट मिळालं, ते त्यांतलंच एक.

कॅस्टरची युक्ती छोटी पण नामी आहे. चाकाचा आस उभ्या खिळ्याच्या बरोबर खाली नसतो, थोडा बाजूला सरकवलेला असतो. तुम्ही ढकलता तेव्हा खिळा पुढे जातो आणि चाक त्याच्या मागे फरपटत आपोआप योग्य दिशेला वळतं. सुकाणू लागत नाही, लगाम लागत नाही. बुलिएट यांनी चाकावरच्या नंतरच्या पुस्तकात कॅस्टरला चाकाचा एक स्वतंत्र प्रकारच मानलंय, ते याचसाठी. या युक्तीची किंमतही आहे. दिशा उलटी केली की चारही चाकं गर्रकन फिरतात आणि ट्रॉली क्षणभर तिरकी जाते. वेग वाढला की चाक थरथरू लागतं. सुपरमार्केटमधल्या ट्रॉलीचं ते एक नाचरं चाक सगळ्यांनी अनुभवलेलं असतं.

कॅस्टर लहान का असतो, याचं उत्तरही याच घराण्यात आहे. खुर्चीच्या पायाखाली चाक दिसता कामा नये. आणि खाली होती घासूनपुसून गुळगुळीत केलेली लाकडी जमीन. तिथं बोटभर व्यासाचं चाकही पळतं. कॅस्टरचा लहानपणा ही दिवाणखान्याची देणगी आहे. आमच्या भाषेत ‘लेगसी’: ज्या परिस्थितीसाठी निर्णय घेतला ती परिस्थिती गेली, निर्णय तसाच राहिला. आयकियाची ‘रोस्कोग’ ही तीन कप्प्यांची ट्रॉली जगभर लोकप्रिय आहे आणि तिच्या नकला आपल्याकडच्या प्रत्येक ऑनलाइन दुकानात मिळतात. ती याच घराण्यातली. स्वयंपाकघरात, लादीवर ती छान चालते. पार्किंगमध्ये नेली की तिचं घराणं उघडं पडतं.

याउलट आपली भाजीची हातगाडी बघा. तिला सायकलसारखी मोठी चाकं असतात. ती गाडी बनवणाऱ्यानं कुठलं समीकरण मांडलं नव्हतं. आपल्या रस्त्यांनीच चाकाचा व्यास ठरवून दिला.

गाडी उभी, माणूस फिरता

आता हा कॅस्टर दिवाणखान्यातून गॅरेजमध्ये कसा गेला ते बघू.

१९१३ साली हेन्री फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात सरकती असेंब्ली लाइन सुरू झाली. त्याआधी गाडीचा सांगाडा जागेवर उभा असे आणि कामगार सुटे भाग, हत्यारं घेऊन त्याच्याभोवती फिरत. फोर्डच्या लोकांनी हे उलटं केलं: कामगार जागेवर, गाडी सरकती. एका सांगाड्याच्या जोडणीला साडेबारा तास लागायचे, ते काही महिन्यांत ९३ मिनिटांवर आले. फिरण्यात केवढा वेळ जात होता, हे या आकड्यातून कळतं.

पण बनलेली गाडी जेव्हा दुरुस्तीला येते तेव्हा असेंब्ली लाइन संपलेली असते. गॅरेजमध्ये पुन्हा १९१३ च्या आधीचं जग. गाडी उभी आणि माणूस तिच्याभोवती फिरणार. डिटेलिंग तर पूर्णपणे त्याच जगातलं काम आहे. बॉनेट, दारं, छप्पर, चार चाकं, मग आतल्या सीटा. एका गाडीभोवती दिवसभरात शेकडो पावलं. दर वेळी भिंतीवरच्या फळीपर्यंत जाऊन बाटली आणायची, की फळीच सोबत न्यायची?

त्याच काळात हत्यारांची संख्याही वाढली. १९२० साली अमेरिकेत मिलवॉकीला सुरू झालेल्या स्नॅप-ऑन कंपनीची मूळ कल्पना होती पाच दांडे आणि त्यांना बदलून बसवता येणारी दहा सॉकेटं. पन्नास पान्यांचं काम या पंधरा तुकड्यांत. हत्यारं लहान झाली, सुटी झाली, म्हणून त्यांना खण लागले, खणांचं कपाट झालं आणि कपाटाला चाकं लागली.

आणि खाली जमीन बदलली होती. मातीवर, फरशीच्या तुकड्यांवर कॅस्टर चालत नाही. काँक्रीटच्या सलग जमिनीवर चालतो. गॅरेजला काँक्रीट लागलं ते गाड्यांच्या वजनासाठी, तेल आणि पाणी धुऊन काढण्यासाठी. कॅस्टरला त्याचा फुकटचा फायदा झाला. दिवाणखान्यासारखीच सपाट जमीन त्याला तेलकट हातांच्या दुनियेत मिळाली.

चाक उशिरा का आलं?

तरीही, जमीन सपाट झाली म्हणून चाक लगेच आलं असं होत नाही. दुसरी डिपेंडन्सी उरते.

१९३७ साली ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन या दुकानदारानं घडीच्या लाकडी खुर्चीवरून कल्पना घेऊन पहिली शॉपिंग ट्रॉली बनवली. लोकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. पुरुषांना ते कमीपणाचं वाटलं. तरुण बायकांना ती बाबागाडीसारखी वाटली. शेवटी गोल्डमननं माणसं पगारावर ठेवून त्यांना दुकानात ट्रॉली ढकलत फिरायला लावलं, मग इतर गिऱ्हाइकांची भीड चेपली. ही गोष्ट तो स्वतःच सांगत असे. त्याचा हेतूही त्यानं लपवला नाही: हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं. ट्रॉलीनं गिऱ्हाइकाचे हात वाचले, कारण त्या वाचण्यात दुकानदाराचा पैसा होता.

प्रवासी बॅगेची गोष्ट तर याहून बोलकी आहे. बर्नार्ड सॅडो हे बॅगांच्या धंद्यातले गृहस्थ. १९७० साली सुट्टीहून परतताना दोन जड बॅगा ओढत ते विमानतळावर उभे होते. तिथं त्यांना एक कामगार दिसला. एक अवजड यंत्र चाकांच्या फळीवर ठेवून तो सहज ढकलत होता. १९७२ मध्ये सॅडो यांना चाकांच्या बॅगेचं पेटंट मिळालं. दोन उभी चाकं आणि लांब होणारा दांडा असलेली आजची बॅग त्यानंतर आली, १९८७ च्या सुमारास. ती रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाची.

माणूस चंद्रावर १९६९ मध्ये उतरला, बॅगेला चाकं त्यानंतर लागली, हे वाक्य इंटरनेटवर गंमत म्हणून फिरतं. पण गंमत अर्धीच आहे. विमानतळाची जमीन आधीपासून गुळगुळीत होती. कामगाराच्या यंत्राखाली चाकं होती. बॅगेखाली नव्हती, कारण प्रवाशाची बॅग उचलायला बराच काळ हमाल होता. प्रवाशाला स्वतः बॅग ओढायची वेळ आली, आणि मग चाकाची आठवण झाली.

या गोष्टीत आपल्याकडचा एक शब्द ठेवून बघा: ‘माथाडी’. माथ्यावरून ओझं वाहणारा तो माथाडी. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यामागे अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखालचा लढा होता. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं हमालांचे प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरले. पाठीवरच्या पोत्याचं वजन किती असावं, हा त्यांतलाच एक. पोतं १०० किलोचं की ५० किलोचं, हा प्रश्न इंजिनिअरिंगचा वाटतो. तो सुटला मात्र मोर्च्यांतून आणि वाटाघाटींतून. यंत्र काय करू शकतं आणि ते कुणासाठी करायचं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर कॅटलॉगमध्ये मिळत नाही.

बाटलीही फर्निचरचीच

आता पुन्हा डिटेलिंगकडे. या धंद्यात ज्यांचं नाव आजही घेतलं जातं ती मेग्वायर्स कंपनी १९०१ साली अमेरिकेत सुरू झाली. काय बनवत होती? फर्निचरचं पॉलिश. सुरुवातीच्या मोटारींची बॉडी बग्गीच्याच परंपरेतली होती, लाकूड आणि वॉर्निश. त्यामुळे टेबलावर चालणारं पॉलिश मोटारीवर चालणं स्वाभाविक होतं. म्हणजे डिटेलिंगच्या ट्रॉलीवरची बाटली आणि तिच्या खालचं चाक, दोन्ही एकाच दिवाणखान्यातून बाहेर पडली आणि गॅरेजमध्ये पुन्हा भेटली.

१९२० च्या दशकात ड्यूपाँटचा ‘ड्यूको’ हा लवकर वाळणारा रंग आला आणि गाडी रंगवण्याचा काही आठवड्यांचा वेळ खूपच कमी झाला. पुढे १९८० च्या दशकात रंगावर पारदर्शक थर द्यायची पद्धत, म्हणजे क्लिअर कोट, सर्वत्र पसरली. गाडीची चमक या थरात असते, आणि तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाड असतो. डोक्यावरचा केस याहून जाड असतो. पॉलिश करणं म्हणजे या थराचा अगदी थोडा भाग घासून काढणं. त्यामुळे एका गाडीवर हे किती वेळा करता येईल याला मर्यादा आहे.

म्हणून डिटेलिंगमध्ये सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे जमिनीवरची धूळ. मायक्रोफायबरचं फडकं हातातून निसटून खाली पडलं, की चांगला कारागीर ते उचलून पुन्हा गाडीला लावत नाही. त्याच्या धाग्यांत रेतीचे कण अडकलेले असतात आणि पुढच्या हातासरशी ते क्लिअर कोटवर गोल गोल ओरखडे काढतात. उन्हात काळ्या गाडीवर जी कोळ्याची जाळी दिसते, ती हीच. धुण्यासाठी दोन बादल्या ठेवतात त्याचं कारणही हेच: एकीत शाम्पू, दुसरीत मळका हातमोजा खंगाळायला.

इथं ट्रॉलीचं खरं काम कळतं. ती सामान वाहते हे तर झालंच. पण त्याहून महत्त्वाचं, ती जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर दुसरी, स्वच्छ जमीन तयार करते. आणि कुठलं फडकं कुठल्या कामाचं, हे कप्प्यांनी लक्षात ठेवते. चाकांच्या रिमवर फिरवलेलं फडकं बॉनेटच्या फडक्यांत मिसळलं, की मग ट्रॉली कितीही महागाची असो, काही उपयोग नाही.

मग घ्यायची कुठली?

या सगळ्या इतिहासातून खरेदीची यादी आपोआप तयार होते.

पहिलं, चाकाचा व्यास. इथं थोडं गणित करू. जमिनीवर १० मिलिमीटरचा उंचवटा आहे, पेव्हर ब्लॉकची वर आलेली कड समजा. ५० मिलिमीटर व्यासाचं चाक त्यावर चढवायला, त्या चाकावर जेवढं वजन आहे त्याच्या सुमारे १.३ पट जोर लावावा लागतो. चाक १२५ मिलिमीटरचं असेल, तर ०.६५ पट पुरतो. उंचवटा २० मिलिमीटरचा झाला, की मोठ्या चाकाला वजनाच्या सुमारे १.१ पट जोर लागतो आणि लहान चाकाला जवळजवळ ५ पट. म्हणजे ते चढतच नाही. ट्रॉली थांबते आणि वरच्या बाटल्या पुढे जातात. पाण्याच्या जाळीच्या फटींचंही तेच. बंदिस्त स्टुडिओत, एपॉक्सीच्या गुळगुळीत जमिनीवर ७५ मिलिमीटरचं चाक पुरेसं आहे. पार्किंगमध्ये, अंगणात १०० ते १२५ च्या खाली उतरू नका.

दुसरं, चाकाचा प्रकार. कडक नायलॉनचं चाक गुळगुळीत जमिनीवर हलकं पळतं, पण खडबडीत जागी खडखडाट करतं आणि वरचं सगळं हादरवतं. रबराचं चाक धक्के गिळतं, काही वेळा काळे डाग सोडतं. पॉलियुरेथेनचं, ज्याला दुकानात ‘पीयू’ म्हणतात, ते दोन्हींच्या मधलं आणि बहुतेक ठिकाणी बरं. अरुंद जागेत गाडीभोवती फिरायचं तर चारही चाकं फिरती हवीत. लांब सरळ न्यायचं, उतारावरून न्यायचं, तर दोन फिक्स आणि दोन फिरती.

तिसरं, ब्रेक. धुलाईच्या जागेला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतोच. त्या उतारावर भरलेली ट्रॉली सुटली, तर ती जाऊन धडकणार गिऱ्हाइकाच्याच गाडीवर. निदान दोन चाकांना ब्रेक हवा. आणि ट्रॉलीच्या कडा धातूच्या असतील तर त्यांना रबरी पट्टी.

चौथं, वजनाची मांडणी. पाच लिटरचे कॅन आणि मशीन सगळ्यात खाली, फडकी आणि ब्रश वर. अरुंद आणि उंच ट्रॉली फोटोत छान दिसते, पण वर जड झाली की पहिल्याच खड्ड्यात कलंडते.

पाचवं, अंग कशाचं. पावडर कोटिंग केलेलं लोखंड ओल्या जागेत एकदा खरचटलं की तिथून गंजतं, आणि रिम साफ करायची आम्लयुक्त रसायनं ते काम आणखी लवकर करतात. जाड प्लास्टिकच्या ट्रॉलीला हा त्रास नाही. कप्प्याला उभी कड हवी, आणि कोपऱ्यात पाणी निघून जायला भोक.

एवढं पाहिलं की किंमत आणि रंग बघायला हरकत नाही.

ढकलणारा कोण?

दुसरा फिल्टर अजून राहिलाय.

स्टुडिओ थाटून बसलेला डिटेलर स्वतःसाठी ट्रॉली निवडतो. तो चांगलीच निवडेल, कारण पाठ त्याची आहे. पण आपल्या शहरांत बहुतेक गाड्या स्टुडिओत जात नाहीत. पहाटे सोसायटीत येणारा माणूस त्या धुतो. महिन्याला ठरलेले पैसे, एक बादली, दोन फडकी. नळ एका टोकाला, गाड्या दुसऱ्या टोकाला. पंधरा लिटरची बादली म्हणजे पंधरा किलो. बेसमेंटच्या रॅम्पवरून ती वाहून न्यायची, म्हणून तो पाणी कमीत कमी वेळा बदलतो. एकाच बादलीत चार-पाच गाड्या होतात. पहिल्या गाडीची रेती पाचव्या गाडीच्या क्लिअर कोटवर घासली जाते.

मग त्या पाचव्या गाडीचा मालक ओरडतो की गाडीवर जाळी आली. आणि हजारो रुपये मोजून सिरॅमिक कोटिंग करून घेतो.

इथं गाडीचा रंग आणि माणसाची पाठ हा एकच प्रश्न होतो. त्या माणसाकडे मोठ्या चाकांची एक साधी ट्रॉली असती, वर फडक्यांचा कप्पा आणि खाली दोन बादल्या, तर पाणी बदलणं त्याला परवडलं असतं. गाड्याही वाचल्या असत्या. कोटिंगच्या बिलापुढे ट्रॉलीची किंमत काहीच नाही. सोसायटीतल्या दहा गाडीवाल्यांनी वर्गणी काढली तर चहा-वड्याच्या खर्चात भागेल.

पण ती ट्रॉली घेतली जात नाही. जमीन सपाट आहे, चाक बाजारात आहे, गणित सोपं आहे. फक्त ज्याची पाठ दुखते त्याच्या हातात खरेदी नाही, आणि ज्याच्या हातात खरेदी आहे त्याची पाठ दुखत नाही. बॅगेला चाक यायला प्रवाशानं स्वतः बॅग ओढावी लागली. पार्किंगमधल्या बादलीला चाक यायला आपण सगळ्यांनी पहाटे उठून गाड्या धुवायची गरज नाही. एकदा ती भरलेली बादली नळापासून आपल्या गाडीपर्यंत उचलून नेली, तरी पुरे.